तिसरं ‘नाही’

नौझर आगा सामोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायची तोटीची भांडी, दुरुस्त करायचे. शिराझच्या बाजारात, तांबटांच्या ओळीच्या अगदी टोकाला त्यांचं दुकान होतं; इतकं चिंचोळं, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला बाहेर यावं लागे. गळक्या तोटीचा सामोवार त्यांच्या हातात पडला की गुमान गळायचा थांबे. पण अलीकडे सकाळी हातच थरथरायचा. तो थरथरू नये म्हणून फळीमागच्या बाटलीतला एक घोट ते घ्यायचे. दुपारी हात थरथरायचा थांबला, या आनंदात आणखी एक. आणि संध्याकाळी मित्र आग्रह करायचे.

माणूस वाईट नव्हता. उलट जरा जास्तच चांगला होता, आणि घोटाळा तिथेच होता. त्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे. म्हणजे म्हणता यायचं, पण त्या गावात ‘नाही’ तीनदा म्हणतात आणि एकदाही खरं धरत नाहीत. पाहुण्याला चहा विचारला की तो आधी ‘नको’ म्हणतो, कारण तो घरंदाज असतो. मग ‘कशाला त्रास?’ म्हणतो, कारण यजमानही घरंदाज असतो. तिसऱ्यांदा विचारलं की घेतो. ज्याला खरोखर नको असतो तोही घेतो, कारण तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा हात झिडकारणं. नौझर आगांच्या पोटात आजवर जेवढी दारू गेली, त्यातली निम्मी तरी या तिसऱ्या खेपेला गेली होती. उरलेली निम्मी मात्र त्यांनी कुणी न विचारताच घेतली होती, हेही खरं.

त्यांना एकच मुलगी, रुदाबे. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, आणि बोलणंही सुईसारखंच; टोचायची, पण एकदाच आणि नेमक्या जागी. आदल्या वर्षी तिला मागणी घालायला एक कुटुंब आलं होतं. त्या दिवशी नौझर आगा जरा जास्तच खुशीत होते. त्यांनी मुलाच्या वडिलांना मिठी मारली, मुलाच्या आईला गाणं म्हणून दाखवलं, आणि लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आत फळांच्या तबकावर डोकं ठेवून झोपले. गालाला चिकटलेल्या द्राक्षांसकट त्यांना उचलून आत नेलं. ते कुटुंब फार सभ्य होतं. त्यांनी परत कधी फोनसुद्धा केला नाही.

आता बामदाद नावाच्या मुलाच्या घरचे येणार होते. नारिंगाची झाडं फुलली की येतो, असा निरोप होता. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी रुदाबे वडिलांसमोर येऊन बसली.

“बाबा, एक काम करायचं.”

“जीव माग, बेटा.”

“जीव राहू दे तुमच्याकडेच. शहरात दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका भरतात. त्यातली एक शोधा. तिथे जा, बसा.”

“तूच शोधून दे ना. तुझ्या त्या फोनमध्ये सगळं असतं.”

“मी शोधली तर मी जाईन. जायचंय तुम्हाला.”

“आणि नाही गेलो तर?”

“तर त्या दिवशी तुमच्या खुर्चीत हेशमत मामा बसतील. बाबा कामासाठी बंदर अब्बासला गेलेत, असं सांगेन.”

नौझर आगांचा चेहरा उतरला. हेशमत हा त्यांच्या बायकोचा, एफ्फत खानूमचा भाऊ. जगात काहीही घडलं तरी “मी नेहमीच म्हणत आलोय” अशी सुरुवात करणारा. पोरीच्या लग्नाची गोष्ट ठरतेय, आणि बापाच्या खुर्चीत बसून हेशमत नेहमीच म्हणत आलेलं काहीतरी म्हणतोय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

शोधायचं ठरलं. पण विचारणार कुणाला? बाजारात विचारलं तर दुकान उघडायच्या आत बातमी पसरायची. शेवटी औषधवाल्याच्या दुकानात जाऊन ते हळूच म्हणाले, “आगा, माझा एक मित्र आहे. त्याला जरा प्यायची सवय...”

औषधवाल्याने मान वर न करता सांगितलं, “मित्राला म्हणावं, सकाळी उपाशी पोटी घेऊ नकोस.”

“बैठका असतात म्हणे कुठेतरी?”

“मला कल्पना नाही. पण मित्राला फार दिवसांपासून ओळखतो मी. चांगला माणूस आहे.”

दुसऱ्या दिवशी भटारखान्यात रोटी घ्यायला गेले तर भटाऱ्याने विचारलं, “मित्र कसा आहे?” न्हाव्याने गळ्याला टॉवेल बांधताना विचारलं, “मित्राचं काही जमलं का?” चार घरं सोडून राहणाऱ्या एका आजीबाईंनी तर मित्रासाठी नवस बोलल्याचं कळवलं. सगळ्यांना काळजी होती, पत्ता मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

अशात त्यांना शापूर दिसला. शापूर हा जुना संध्याकाळचा सोबती; टॅक्सी चालवायचा. कधीतरी तो मैफलीतून नाहीसा झाला होता आणि आता पाहावं तर गालांवर डाळिंबाची लाली. दारू सुटल्याशिवाय या वयात असे गाल येत नाहीत. शिवाय त्याच्या हातात घडीची खुर्ची होती. माणूस संध्याकाळी स्वतःची खुर्ची घेऊन निघाला, म्हणजे बैठकीलाच! नौझर आगा भिंतीच्या कडेकडेने त्याच्या मागे निघाले.

शापूर एका उंच इमारतीच्या तळघरात शिरला. तिथे खुर्च्यांचं गोल रिंगण होतं, कागदी पेल्यांत चहा होता, आणि बसलेल्यांचे चेहरे कमालीचे दुःखी होते. नौझर आगा मागच्या खुर्चीवर टेकले. त्यांना वाटलं, मिळाली.

एक गृहस्थ उठले. “आपण इथे का जमलोय ते सगळ्यांना माहीत आहे,” ते म्हणाले. “वर्षानुवर्षं आपण एकमेकांवर ढकलतोय. कुणीच जबाबदारी घेत नाही.”

नौझर आगांनी मान हलवली. पटलं.

“सातव्या मजल्यावर माझी सासू अडकून पडली आहे,” गृहस्थांचा आवाज चढला. “आणि लिफ्टवाला म्हणतो, आधी समिती नेमा!”

हे मात्र पटायला जरा वेळ लागला. ते उठून निघणार, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की समितीला अध्यक्ष हवा. सगळ्यांनी ताबडतोब आपापल्या बुटांकडे पाहिलं. मान वर असलेला, इस्त्रीचा कोट घातलेला माणूस उरला एकच.

“हे साहेब शोभतील!”

“छे छे,” नौझर आगा छातीवर हात ठेवून म्हणाले, “माझी काय योग्यता!”

“बघा, किती नम्र!”

“नाही हो, खरंच नको.”

“असाच माणूस हवा. खुर्चीचा लोभ नाही.”

“अहो, पण मी इथे राहतच नाही!”

अख्खं तळघर हसलं आणि टाळ्या वाजल्या. इतकं सुंदर तिसरं ‘नाही’ त्या इमारतीत आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सवयीने नौझर आगा वाकले, आणि त्यांच्या हातात लिफ्टच्या खोलीची किल्ली पडली.

शापूर त्यांना बाहेर घेऊन आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भिंतीला टेकून तो हसत होता.

“अध्यक्षमहाराज, माझ्या इमारतीत काय करताय?”

“सहज आलो होतो,” नौझर आगा म्हणाले. “म्हणजे, माझा एक मित्र आहे...”

शापूरचं हसू हळूहळू थांबलं. त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग किल्ली काढून घेतली.

“मित्राला सांग,” तो म्हणाला, “बर्फाच्या जुन्या कारखान्यामागे पहिलवानांची बंद पडलेली तालीम आहे. दर रविवारी दिवेलागणीला यायचं. न पिता यायचं. आणि मित्राला म्हणावं, आम्ही वाट बघतोय.”

रविवारी एफ्फत खानूमने नवऱ्याचे बूट पुसले आणि हातात मिठाईचा डबा दिला.

“हे कशाला?”

“लोकांकडे रिकाम्या हाताने जाणार?”

“एफ्फत, ते कुणाचं घर नाही.”

“माणसं आहेत ना तिथे? मग झालं.”

तालमीचं दार बुटकं होतं. पूर्वी पहिलवानांनी वाकून आत जावं, मस्ती बाहेर ठेवावी, म्हणून मुद्दाम तसं केलेलं. त्या दारापुढे एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ उभे होते. त्यांच्याही हातात मिठाईचा डबा होता, आणि दुकानही तेच.

“या ना,” मिशाळ गृहस्थ बाजूला होत म्हणाले. “आधी तुम्ही.”

“छे, असं कसं? तुम्ही मोठे.”

“मोठा कुठला! केस उन्हाने पांढरे झालेत.”

“मी तुमच्या पायाची धूळ. या.”

“तुम्ही धूळ, तर मी त्या धुळीखालची माती. आधी तुम्हीच.”

असा पेच पडला की उजव्या हाताचा आधी जातो, अशी तिथली रीत. नौझर आगांच्या ते बरोबर ध्यानात होतं, म्हणून ते हळूच डावीकडे सरकले. मिशाळ गृहस्थांनाही रीत माहीत होती. तेही डावीकडे सरकले. नौझर आगा आणखी डावीकडे. असं करत करत दोघांनी त्या दारापुढे एक पूर्ण फेरी घातली, मग दुसरी. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, दोन प्रौढ माणसं मिठाईचे डबे घेऊन नाच बसवतायत.

आतून टाळ्या ऐकू आल्या.

“सुरू झालं वाटतं,” नौझर आगा म्हणाले.

“आता मध्येच घुसणं बरं दिसेल का?”

“तुम्ही शिरलात तर मी येईन मागोमाग.”

“तुमच्यापुढे मी शिरलो, तर उद्या आरशात तोंड कसं पाहू?”

शेवटी दार उघडलं आणि आतली माणसं वाकून बाहेर पडू लागली. बैठक संपली होती. हे दोघे दाराच्या दोन बाजूंना उभे राहून प्रत्येकाला “या, सुखरूप जा” म्हणू लागले, जसं काही तेच यजमान होते. सगळ्यांच्या शेवटी कुलूप घेऊन यदुल्ला आला. तो तिथला चहावाला. जुना पहिलवान, कान कुस्त्यांत चेंगरून फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे झालेले.

“कुणाच्या लग्नाला आलात?” त्याने डब्यांकडे बघत विचारलं. डबे काढून घेतले, दार लावलं आणि म्हणाला, “हे पुढच्या रविवारी उघडू. तेव्हा या.”

दोघे पायरीवर बसले. मिशाळ गृहस्थांचं नाव बोर्झू. नोंदणी कचेरीत कारकून.

“खरं सांगू का,” बोर्झू म्हणाले, “मी थंडी पडायला लागल्यापासून दर रविवारी येतोय. कुणी आलं की म्हणतो, आधी तुम्ही. ते जातात, मी राहतो. आज पहिल्यांदाच माझ्या तोडीचा माणूस भेटला.”

“मलाही आत जायचं नव्हतं,” नौझर आगा म्हणाले. हे त्या संध्याकाळचं त्यांचं पहिलं खरं वाक्य.

घरी आल्यावर एफ्फत खानूमने विचारलं, “कशी काय झाली बैठक?”

“फार सभ्य माणसं आहेत,” ते म्हणाले, आणि पान खाल्ल्यासारखं तोंड मिटून आत गेले. कारण वाटेत जुने मित्र भेटले होते, आणि त्यांनी तीनदा विचारलं होतं.

 रुदाबेला वासाने कळलं होतं. दोन दिवसांनी हेशमत मामा घरी आले, सूट धुवायला टाकल्याचं सांगत नौझर आगांच्या खुर्चीत बसले, दोन्ही हातांवर भार टाकून तिला हलवून पाहिलं आणि म्हणाले, “मी नेहमीच म्हणत आलोय, ही खुर्ची जरा बुटकी आहे. माझ्याकडची उशी आणेन त्या दिवशी.”

नौझर आगांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी ते तालमीपाशी पोचले तर बोर्झू आधीच हजर होते. “या, आधी...” एवढं म्हणेपर्यंत मागून यदुल्लाचे दोन पंजे आले, एक याच्या पाठीवर आणि एक त्याच्या, आणि दोघे एकदमच दारात घुसले. दार एका माणसाचं. दोघे खांद्याला खांदा लावून अडकले; दोन डोकी आत, बाकीचं बाहेर.

“श्वास सोडा!” यदुल्ला मागून ओरडला. “पोटं आत घ्या! आता कोण आधी आणि कोण नंतर, सांगा बघू!”

तिसऱ्या धक्क्याला ते आत पडले. रिंगणातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शापूरने नौझर आगांना हात देऊन उठवलं.

“काय रे, मित्र आला का?”

नौझर आगांनी कोटावरची धूळ झटकली. उत्तर तयार होतं: मित्राला काम निघालं, म्हणून मी आलो. पण समोरच्या चेहऱ्यांत कुणीही बुटांकडे बघत नव्हतं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

“आला,” ते म्हणाले. “मीच तो. नौझर. मी दारुडा आहे.”

“सलाम, नौझर!” सगळे म्हणाले, आणि हसले; कारण त्या तालमीत प्रत्येक जण पहिल्यांदा आला होता तो मित्रासाठीच.

मग यदुल्ला चहाचं तबक घेऊन फिरला. “चहा?”

“नको, कशाला तसदी,” नौझर आगा म्हणाले.

तबक पुढे गेलं. ते पाहतच राहिले. शेजाऱ्याने घेतला, त्याच्या शेजाऱ्याने घेतला, आणि तबक रिंगण पूर्ण करून परत सामोवारापाशी जाऊन बसलं. पुन्हा कुणी विचारलं नाही.

“तुम्हाला खरंच नको होता?” बोर्झूंनी कानात विचारलं. त्यांच्याही हातात पेला नव्हता.

“जीव जातोय चहावाचून.”

शापूरने ऐकलं. “इथे एकदाच विचारतात,” तो म्हणाला. “आपण सगळे तिसऱ्या विचारण्यात बुडालेली माणसं आहोत. म्हणून इथे नको म्हटलं की नको, हवं म्हटलं की हवं. दुसरी फेरी यायची वाट बघा आणि तोंडाने मागा.”

दुसऱ्या फेरीला नौझर आगांनी चहा मागितला. आयुष्यात पहिल्यांदा. मागताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पुढे हिवाळाभर ते रविवारी जात राहिले आणि एरवी ‘नाही’ म्हणायचा सराव करत राहिले. ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. एफ्फत खानूमने विचारलं, “भात वाढू?” ते म्हणाले, “नको.” “थोडासा?” “नको.” “एक घास?” “नको.” एफ्फत खानूमने पातेलं खाली ठेवलं. “एवढा वाईट झालाय का?” आणि डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं. बाजारात बोलणं सुरू झालं की नौझरच्या डोक्यात हवा गेली. बैठका काय, अध्यक्ष काय! मधे एकदा पाय घसरला. ते रविवारी तालमीत सांगताना त्यांना रडू आलं. यदुल्लाने एकदाच विचारून चहा दिला आणि शेजारी बसून राहिला. हात थरथरायचा हळूहळू कमी झाला. बाजारातले सामोवार पुन्हा वळणावर आले.

रुदाबे बघत होती. पण हेशमत मामांना तिने अजून ‘येऊ नका’ म्हटलं नव्हतं.

नारिंगं फुलली. अंगणात वास मावेना. बामदादच्या घरचे आले: आई, वडील, आजी, एक मामा आणि स्वतः बामदाद, ज्याची कॉलर त्याला गुदमरवत होती. नौझर आगा आपल्या खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत, उशीवर, धुतलेला सूट घालून हेशमत मामा बसले होते. राखीव गड्यासारखे, गरज पडलीच तर मैदानात उतरायला तयार.

हवापाण्याच्या गप्पा झाल्या. रुदाबे आत चहाची तयारी करत होती. तेवढ्यात पाहुण्यांकडचे दिलावर मामा उठले. गोल पोटाचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस.

“नौझर आगा, जरा तुमचं नारिंग दाखवा ना. काय फुललंय!”

झाडाखाली पोचताच दिलावर मामांनी डोळा मारला आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक चपटी बाटली काढली. दुसऱ्या खिशातून दोन चिमुकले पेले.

“घरची आहे. माझ्या स्वतःच्या मनुकांची. आत बायकांसमोर नको म्हटलं.”

“आभारी आहे, पण नको,” नौझर आगा म्हणाले.

“वा! बसून बोला.” दोघे झाडाखाली टेकले, पेला भरला.

“मामा, खरंच नको.”

“किती संकोच! आता आपण नात्यातले होणार.” पेला पुढे आला. नारिंगाच्या वासातून तो दुसरा वास वर आला. तो ओळखीचा होता. तोंडाला पाणी सुटलं. नौझर आगांचा हात, त्यांना न विचारताच, गुडघ्यावरून जरा वर उचलला गेला.

“नको,” त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं.

“पोरीच्या नशिबासाठी हो. माझा हात परतवणार? आजच्या दिवशी?”

पेला घ्यायचा आणि झाडाच्या बुडाशी ओतायचा, एवढी युक्ती त्यांना सुचली नाही असं नाही. पण पेला हातात आला की तो कुठे जातो, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत घट्ट धरले, आणि उठून, तालमीत उभे राहतात तसे ताठ उभे राहिले. आणि तालमीत बोलतात तसंच बोलले, म्हणजे खणखणीत.

“मी नौझर. मी दारुडा आहे. हा एक पेला घेतला तर तुमची बाटली संपेल, मग मी दुसरी शोधायला जाईन, आणि आत माझी मुलगी चहा घेऊन येईल तेव्हा खुर्ची रिकामी असेल. म्हणून नको.”

अंगणाकडची खिडकी उघडी होती. आतलं बोलणं एकदम थांबलं. एका पेल्यातला चमचा तेवढा वाजला.

मग खिडकीत आजीचं डोकं आलं. “दिलावर!”

“काय, आई?”

“त्याने चार वेळा नाही म्हटलं. मी इथे बसून मोजलं. तुझे कान काय घरी ठेवून आलास?”

“अगं, मला वाटलं, शिष्टाचार...”

“तुझा बाप आयुष्यात एकदा जरी चौथ्यांदा नाही म्हणाला असता...” आजी एवढंच म्हणाली आणि खिडकीतून नाहीशी झाली. दिलावर मामांनी बाटली खिशात घातली. त्यांचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

दोघे आत आले. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. रुदाबे तबक धरून दारात उभी होती. बामदादच्या आईने पर्स मांडीवर घेतली होती.

“मी नेहमीच म्हणत आलोय...” हेशमत मामांनी सुरू केलं.

“तू गप्प बस,” एफ्फत खानूम म्हणाली.

चहा झाला. बामदादच्या वडिलांनी घसा साफ केला. “बरंय. आम्ही निघतो. फार त्रास दिला.”

स्थळ गेलं, नौझर आगांना वाटलं. माझ्याच तोंडाने गेलं. पण पाहुणा उठला की जे म्हणतात ते त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. “असं कसं? जेवूनच जा.”

“छे छे,” बामदादची आई उठत म्हणाली. “पुन्हा कधीतरी,” वडील म्हणाले. सगळे उठले. आजी मात्र उठलेली खाली बसली आणि तिने अंगभर पांघरलेली चादर गुडघ्यांवर नीट केली.

“बसा सगळे,” ती म्हणाली. “या घरचा माणूस बोलतो ते खरं बोलतो, आत्ता सगळ्यांनी ऐकलंय. जेवून जा म्हणाला, म्हणजे जेवण आहे.”

एफ्फत खानूमचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. जेवण नव्हतं. त्या गावात ‘जेवून जा’ म्हणतात तेव्हा जेवण कुठेच नसतं. ती स्वयंपाकघरात धावली, मागोमाग रुदाबे, आणि थोड्या वेळाने आतून अंडी फोडल्याचे आवाज येऊ लागले. टोमॅटो होते, कालचं वांग्याचं भरीत होतं, लोणचं होतं. जमिनीवर कापड अंथरलं गेलं. सोनेरी काठाच्या बशांत अंडी वाढली. बामदादचे वडील सुरुवातीला अवघडून बसले होते. पण अंडी गरम असताना फार वेळ अवघडून बसता येत नाही. दिलावर मामांनी भरीत दोनदा घेतलं. आजीने तिसऱ्यांदा बशी पुढे केली.

“रोटी आहे का अजून?” तिने विचारलं.

अशा वेळी यजमान “भरपूर आहे, संकोच नको” म्हणतो आणि मागच्या दाराने कुणालातरी पळवतो. नौझर आगांनी रोटीवरचं फडकं उचलून पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “संपली.”

एफ्फत खानूमने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजी मात्र खदखदून हसली. इतकी, की तिला ठसका लागला आणि बामदादच्या आईला तिची पाठ चोळावी लागली. चोळता चोळता आईलाही हसू फुटलं.

बामदाद उठला. “मी आणतो. कोपऱ्यावर भटारखाना पाहिलाय मी.”

सगळ्यांनी नौझर आगांकडे पाहिलं. पाहुण्याला, तेही या पाहुण्याला, असं काम कसं सांगायचं? निदान तीनदा तरी अडवायला हवं होतं.

“आण,” नौझर आगा म्हणाले. “लवकर ये.”

तेव्हा रुदाबे, जी आतापर्यंत रीतीप्रमाणे खाली मान घालून बसली होती, ती दाराकडे वळून ओरडली, “तीळ लावलेली आण! आणि कडा जळलेली देत असेल तर परत कर!”

 आजीने बामदादच्या आईला कोपर मारलं. बामदादने दारापुढच्या ढिगातून हाताला लागतील ते बूट पायात कोंबले. ते हेशमत मामांचे होते, आणि दोन मापांनी मोठे. त्याच बुटांत तो फटक फटक आवाज करत गल्लीतून पळत सुटला, आणि हेशमत मामा सोडून कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.